छोट्या गाडीत ॲम्प आणि सबवूफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या वॅगनआरमध्ये सबवूफर (फक्त खालचे, बेसचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) आणि त्याला ताकद देणारा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, दोनदा बसला. पहिल्यांदा एका दुकानात, दोन तासांत, चहा पिता पिता. दुसऱ्यांदा ते सगळं उचकटून मी स्वतः बसवला, त्याला दोन रविवार लागले. तेव्हापासून सोसायटीतले, ऑफिसातले, मेहुण्याच्या ओळखीतले लोक विचारत असतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली.

सबवूफर लागतोच का? दारातले स्पीकर बदलले तर भागत नाही?

बऱ्याच जणांचं भागतं. तुम्ही बातम्या, भावगीतं आणि फोनवरचं बोलणं ऐकत असाल तर चांगले दारातले स्पीकर घ्या, दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारी चिकट चादर) लावा आणि विषय संपवा. पण सहा-साडेसहा इंची स्पीकरकडून खालचे सूर मागायचे म्हणजे त्याला नको तेवढं हलायला लावायचं. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर वाजते. दारातला स्पीकर तिथे नुसता फडफडतो, आणि त्या फडफडण्यात गाणाऱ्याचा आवाजही गढूळ होतो.

सब लावल्यावर खरा फायदा दणक्याचा नाही. खालचं ओझं सबकडे गेलं की दारातले स्पीकर मोकळे होतात. तबल्याचा डग्गा घुमतो तेव्हा मनगटाचा दाब ऐकू येतो, ढोलकीची शाई आणि धूम वेगवेगळी कळतात. बाजूच्या रिक्षावाल्याला हादरवण्यासाठी सब हवा असेल तर पुढचं वाचून तुमची निराशा होईल.

किती वॅटचा घ्यावा? दुकानात १२०० वॅट लिहिलेला दाखवतात.

डब्यावरचा मोठा आकडा वाचूच नका. बारीक अक्षरात ‘आरएमएस’ शोधा, म्हणजे सलग देता येणारी ताकद. १२०० वॅट ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ असं लिहिलेला ॲम्प खऱ्या अर्थाने कधी ३००, कधी १५० वॅटचा निघतो. सीईए-२००६ नावाचं एक मानक आहे. त्यानुसार मोजलेला आकडा म्हणजे १४.४ व्होल्टला, ४ ओहम भारावर, १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती (आवाजातला बिघाड) न येता मिळणारी ताकद. तो उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. उल्लेखच नसेल तर ॲम्पवरचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा फ्यूज असलेला ॲम्प बॅटरीकडून साधारण ४०० वॅट घेणार, आणि त्यातले काही उष्णतेत जाणार. तो बाराशे देणार कुठून?

छोट्या गाडीला २०० ते ३०० खरे वॅट पुष्कळ होतात. याचं एक कारण म्हणजे ताकद दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट झाला’ असं वाटायला १० डेसिबल लागतात. म्हणजे ३०० च्या जागी ६०० वॅट आणलेत तर वायर जाड, फ्यूज मोठा, बॅटरीवर ताण, आणि कानाला फरक जेमतेम.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. बंद केबिनमध्ये एका मर्यादेखालचे सूर आपोआप चढतात, कारण त्यांची अर्धी लाटही केबिनपेक्षा लांब असते आणि हवा नुसती दाबली-सोडली जाते. केबिन आतून अडीच मीटर लांब धरली तर हा परिणाम साधारण ७० हर्ट्झच्या खाली सुरू होतो. जितकी गाडी छोटी, तितका तो वरून सुरू होतो. मोठ्या एसयूव्हीवाल्याला जे पैसे देऊन मिळवावं लागतं, त्यातलं थोडंफार हॅचबॅकवाल्याला फुकट मिळतं. छोटी गाडी ही इथे अडचण नाहीच.

८ इंच, १० इंच की १२ इंच? आणि पेटी बंद की भोकाची?

माझं मत: १० इंच, बंद पेटी. भोकाची, म्हणजे पोर्टेड पेटी तेवढ्याच वॅटमध्ये जास्त मोठ्याने वाजते, पण ती आकाराने मोठी लागते आणि तिचं माप चुकलं तर एकाच सुरावर ‘घूं घूं’ करत बसते. दुकानातल्या तयार पोर्टेड पेट्या कुठल्याही सबला लावून विकल्या जातात, तिथेच घोळ होतो. बंद पेटी अशा चुका पोटात घालते, आणि वर सांगितलेल्या केबिनच्या चढाशी तिचा उतार बऱ्यापैकी जुळतो.

हिशेब असा. बहुतेक १० इंची सबना बंद पेटीत १८ ते २५ लिटर हवा पुरते. नेमका आकडा सबच्या कागदावर असतो, तोच पाळा. १८ मिलिमीटर एमडीएफची ३६ × ३६ × २६ सेंटिमीटर बाहेरून मापाची पेटी केली तर आत २३ लिटरच्या वर जागा उरते, त्यातले दीड-दोन लिटर सब स्वतः खातो. बाहेरून ही पेटी सुमारे ३४ लिटरची. टियागोच्या २४२ लिटर डिकीत ती कोपऱ्यात बसते. १२ इंची पोर्टेड पेटी हीच जागा दुप्पट मागते. जुन्या आल्टो ८०० ची डिकी १७७ लिटरची; तिथे १२ इंच बसवलेली मी पाहिली आहे, मालक भाजी मागच्या सीटवर ठेवतो.

पेटी सुताराकडून करून घेताना त्याला दोनदा सांगा की आतल्या प्रत्येक कडेला फेव्हिकॉल आणि वरून सिलिकॉन. घरातलं कपाट हवाबंद नसलं तरी चालतं, ही पेटी चालत नाही.

डिकी अजिबात द्यायची नाही. सीटखाली बसणारा चालेल का?

चालेल, आणि पाचपैकी तीन जणांना मी तोच सांगतो. आत ॲम्प असलेला, ८ इंची, चपटा सब. पायोनियर, जेबीएल, सोनी, ब्लॉपुंक्ट सगळ्यांचे मिळतात, दहा-पंधरा हजारांच्या आसपास. डग्ग्याचा गोलावा देतो, छातीवर ठोका देत नाही. त्याला वीजही कमी लागते, त्यामुळे वायरिंग सोपं.

घेण्याआधी सीटखालची उंची मोजा, सीट पुढे-मागे सरकवून मोजा. मागच्या प्रवाशांसाठी एसीचा झोत तिथून जातो का, गालिच्याखाली काय आहे, बघा. काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत पुढच्या सीटखाली लिथियम बॅटरी असते. तिथे काही खुपसायचं नाही.

माझ्या गाडीत सीएनजी आहे. डिकीत सिलिंडर आहे.

मग वरचंच उत्तर: सीटखालचा घ्या. सिलिंडरच्या शेजारी पेटी कोंबणं, सिलिंडरच्या चौकटीला ॲम्प स्क्रूने मारणं, डिकीच्या पत्र्याला भोक पाडणं, यातलं काहीही करू नका. गॅसची नळी पत्र्याखालून जाते आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे. दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्टिंगसाठी (पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी) सिलिंडर बाहेर काढावा लागतो, तेव्हा तुमची पेटी आधी काढावी लागेल हेही आहेच. टियागो सीएनजीसारख्या गाड्यांत दोन सिलिंडर डिकीच्या तळाखाली असतात. वर मोकळी जागा दिसते म्हणून तिथे स्क्रू मारायचा मोह होतो. आवरा.

कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ बदलायचा नाही. त्यावर ॲम्प चालतो का?

चालतो. बऱ्याच कंपनी-स्टिरिओंना मागे आरसीए (ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या वायरीचे सॉकेट) नसतात, पण आता पुष्कळ ॲम्पना ‘हाय लेव्हल इनपुट’ असतो. त्यात मागच्या स्पीकरच्या वायरी थेट जोडता येतात. ॲम्पला तो नसेल तर हाय-लो कन्व्हर्टर नावाची छोटी डबी मध्ये घालायची. ॲम्प चालू करण्याची सूचना, म्हणजे रिमोट, काही ॲम्प स्पीकरच्या सिग्नलवरूनच ओळखतात. नाहीतर फ्यूजबॉक्समध्ये चावीबरोबर चालू होणारा फ्यूज शोधून त्यावर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून जादा वायर काढून देणारा छोटा जोड) लावा. विंडो, एअरबॅग, एबीएस यांचे फ्यूज सोडून. सिगारेट लायटरचा सगळ्यात बरा.

एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. काही कंपनी-स्टिरिओ आवाज वाढवला की बेस मुद्दाम कापतात, आपले स्वस्त स्पीकर फाटू नयेत म्हणून. मग तुमचा सब हळू आवाजात छान आणि मोठ्या आवाजात गायब. हा दोष ॲम्पचा नाही.

बाहेरचा स्टिरिओ लावला असेल तर वायरींचे रंग बहुधा असे: पिवळी कायमची १२ व्होल्ट, लाल चावीबरोबरची, काळी अर्थिंग, निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे ॲम्पचा रिमोट. मागचा डावा स्पीकर हिरवा, उजवा जांभळा; ज्यावर काळी रेघ ती उणे. हे रंग गाडीच्या कंपनीच्या वायरिंगला लागू नाहीत. तिथे मल्टिमीटरशिवाय हात घालू नका.

वॉरंटी जाते का?

मूळ वायर कापली तर इलेक्ट्रिकलच्या तक्रारीत सर्व्हिस सेंटरला आयतं कारण मिळतं. म्हणून आपल्या मॉडेलचा कपलर विकत घ्या. एका बाजूला कंपनीचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला आपल्या वायरी. मूळ वायरिंगला ब्लेड लागत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधलंत तर मिळतो. नाना पेठेतही ॲक्सेसरीवाल्यांकडे विचारा. दोन-चारशे रुपयांचा कपलर वाचवायला दुकानदार वायर का कापतात, हे मला अजून कळलेलं नाही.

वायर कोणती? किटमध्ये येते ती पुरते ना?

सगळ्यात जास्त फसवणूक इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

किटवर लिहिलेलं असतं ‘८ गेज’. खऱ्या ८ गेज तांब्याच्या वायरचा छेद ८.४ चौरस मिलिमीटर असतो. स्वस्त किटमध्ये प्लास्टिक जाड आणि आतली धातू बारीक. शिवाय ती धातूही तांबं नसते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ज्याला सीसीए म्हणतात. तशा वायरचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर वायर धरली आणि ३० अँपिअर प्रवाह धरला, तर अस्सल ८ गेज तांब्यात सुमारे ०.३ व्होल्ट गळतात. सीसीएत जवळजवळ अर्धा. आणि छेदच खोटा असेल तर एक व्होल्टही जातो. तो व्होल्ट वायरीत उष्णता होऊन बसतो. ॲल्युमिनियम लगमध्ये (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपीत) दाबल्यावर कालांतराने सैल पडतं ते वेगळंच.

ओळखायचं कसं? दोन-चार तारा सोडवून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर सीसीए. बाहेरून पांढरी आणि खरवडल्यावर लाल निघाली तर ती कल्हई केलेलं तांबं, म्हणजे उत्तमच. दुकानदार खरवडू देत नसेल तर उत्तर मिळालं.

माझा सोपा सल्ला: किट घेऊच नका. इलेक्ट्रिकलच्या चांगल्या दुकानातून १० चौरस मिलिमीटरची लवचीक, बारीक तारांची तांब्याची वायर मीटरवर घ्या, सोबत तांब्याचे लग, आणि लग दाबून देणारा माणूस. ३०० वॅटला ती आरामात पुरते. बोनेटच्या उष्णतेसाठी वरून नालीदार स्लीव्ह चढवायचा.

फ्यूज ॲम्पला आहेच की. बॅटरीजवळ आणखी कशाला?

ॲम्पवरचा फ्यूज ॲम्प वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज गाडी वाचवतो.

माझ्या पहिल्या वेळी दुकानाने बॅटरीजवळ फ्यूज लावलाच नव्हता, आणि वायर बोनेटमधून आत आणताना पत्र्याच्या भोकातून तशीच ओढली होती, रबर न लावता. आठ महिने काही झालं नाही. मग एका दुपारी खंबाटकी घाट चढताना प्लास्टिक जळाल्याचा वास. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा क्लच. तो तर मागे राहिला, वास गेला नाही. गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं, तर लाल वायर पत्र्यापाशी फुगून मऊ झालेली. १० नंबरचा पाना डिकीत होता, तो आणून बॅटरीचं टर्मिनल सोडवेपर्यंतचा अर्धा मिनिट मला अजून आठवतो. डिकीतल्या ॲम्पचे फ्यूज मात्र शाबूत, नव्यासारखे! असणारच. शॉर्ट त्यांच्या अलीकडे झाला होता. प्रवाह त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

बॅटरी म्हणजे वेल्डिंग करण्याइतका प्रवाह देऊ शकणारी पेटी. तिच्यापासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. किती अँपिअरचा, ते वायर ठरवते. १० चौरस मिलिमीटरला आणि ३०० वॅटच्या ॲम्पला ४० चा ठीक. तो उडतो म्हणून ८० चा घालणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही.

आणि भोक? नवीन पाडायची सहसा गरज नसते. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर कंपनीच्या वायरिंगचा मोठा रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवलेलं बूच, असतो. त्याच्या टोकाला छोटी चीर देऊन, जाड तार आधी सारून तिच्यामागून वायर ओढायची. वायर कंपनीच्या तारांना टोचणार नाही याची काळजी घ्या. सगळं जोडून होईपर्यंत बॅटरीचं उणे टर्मिनल काढून ठेवा आणि फ्यूज खिशात.

अर्थिंग कुठे द्यायची?

ॲम्पपासून जास्तीत जास्त ४५ सेंटिमीटरवर, गाडीच्या मूळ पत्र्याला, तितक्याच जाड वायरने. रंग सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. रंगावर कसलेला बोल्ट म्हणजे अर्थिंग नव्हे. कसल्यावर वरून थोडा रंग किंवा ग्रीस, नाहीतर गंज.

सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. तो ठरलेल्या जोराने कसलेला असतो आणि जीव वाचवायला असतो. स्वतः भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली झोपून बघा. पुष्कळ हॅचबॅकची पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खालीच असते. डिकीतला एखादा रिकामा कारखानी बोल्ट बहुधा सापडतोच, तो सगळ्यात बरा.

छोटी बॅटरी, छोटा अल्टरनेटर. झेपेल का? कपॅसिटर लावू?

३०० वॅटचा क्लास डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या पद्धतीचा) ॲम्प पूर्ण ताकदीने, ८० टक्के कार्यक्षमता धरून, १३.८ व्होल्टला २७ अँपिअर घेतो. जुन्या पद्धतीचा क्लास एबी तेवढ्याच आवाजाला ४० च्या आसपास. म्हणून छोट्या गाडीत क्लास डी. तुलनेसाठी, दोन्ही हॅलोजन हेडलाइट मिळून ८ अँपिअर घेतात. पण गाणं सतत पूर्ण ताकदीने वाजत नसतं. ठोका येतो, जातो. सरासरी खूप खाली असते. गाडी चालू असेल तर झेपतं.

गाडी बंद ठेवून वाजवण्याची गोष्ट वेगळी. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सहा-सात अँपिअरने अडीच तासांत अर्ध्यावर येते. कोकणात किनाऱ्यावर गाडी लावून, दारं उघडी टाकून पार्टी केलीत तर परतीला ढकलायला माणसं सोबत ठेवा.

प्रत्येक ठोक्याला हेडलाइट लुकलुकत असतील तर आधी अर्थिंग आणि बॅटरीची टर्मिनल तपासा, मग बॅटरीचं वय. कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा डबा, हा क्षणभराचा उसना पैसा आहे. मिळकत वाढवत नाही. मी लावलेला नाही.

गेन म्हणजे आवाज ना? किती ठेवायचा?

नाही, आणि या एका गैरसमजाने माझा पहिला सब जळला. गेन म्हणजे स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पचं माप जुळवण्याची कळ. ती जास्त फिरवली की ॲम्प लाटेचं डोकं छाटायला लागतो, म्हणजे क्लिपिंग. ती छाटलेली लाट सबच्या आतल्या कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, तापवते. आधी थोडी करपट, मग रेझिनसारखा वास, मग शांतता.

मल्टिमीटर असेल तर काम सोपं आहे. ॲम्पची आरएमएस ताकद गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २५० वॅट आणि ४ ओहमला १००० चं वर्गमूळ, म्हणजे ३१.६ व्होल्ट. सबच्या वायरी ॲम्पवरून काढा, सगळे बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, गाडी चालू. फोनवर ५० हर्ट्झचा सलग सूर लावा, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशवर. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा आणि गेन शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. आकडा आला की थांबा. सबची सोसण्याची ताकद ॲम्पपेक्षा कमी असेल तर सबचा आकडा धरा. यानंतर त्या कळीला हात लावायचा नाही, भाच्यालाही लावू द्यायचा नाही. बेस कमी-जास्त करायचा तो स्टिरिओवरून.

ॲम्प जोडण्याआधी सबचे ओहम बघा. दोन कॉइलचा, प्रत्येकी ४ ओहमचा सब समांतर जोडला तर २ ओहम होतो, मालिकेत जोडला तर ८. ॲम्प २ ओहमला चालतो असं त्याच्या कागदावर असेल तरच समांतर.

क्रॉसओव्हर किती हर्ट्झवर?

क्रॉसओव्हर म्हणजे सब आणि दारातले स्पीकर यांच्यात सूर वाटून देण्याची सीमा. ८० पासून सुरुवात करा. सबला ८० च्या खालचं, दारातल्या स्पीकरना (स्टिरिओत सोय असेल तर) ८० च्या वरचं. बेस मागून, डिकीतून येतोय असं जाणवलं तर सबचा आकडा ७०, ६० असा उतरवा. मग सबच्या दोन वायरी उलट्या करून ऐका. ड्रायव्हरच्या सीटवर ज्या जोडणीत डग्गा भरीव वाटतो ती बरोबर. यात चूक-बरोबर कागदावर ठरत नाही. पोर्टेड पेटी असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारी सोय) २५-३० च्या आसपास हवाच, नाहीतर पेटीच्या सुराखाली सबला आवर राहत नाही.

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘कुंईं’ असा आवाज येतो.

अल्टरनेटरचा आवाज आहे. ॲम्पमधून आरसीए काढा. आवाज थांबला तर तो स्टिरिओ किंवा आरसीएच्या वाटेने येतोय. नाही थांबला तर ॲम्पचीच अर्थिंग कच्ची. दहापैकी आठ वेळा अर्थिंगच असते. पॉवरची वायर डाव्या बाजूने आणि आरसीए उजव्या बाजूने नेली असती तर निम्मा त्रास वाचला असता, पण दुकानात दोन्ही एकाच पट्टीखाली सारतात कारण एकच पट्टी उचकटावी लागते.

बेस आला की अख्खी गाडी खुळखुळते.

नंबर प्लेट, मागची पार्सल ट्रे, दाराचे पॅड, आणि ग्लोव्ह बॉक्समधली सुट्टी नाणी. याच क्रमाने. नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी, ट्रेच्या कडांना फेल्ट, डिकीच्या दाराच्या पत्र्याला आतून ब्युटाइलचे, म्हणजे डॅम्पिंग शीटचे, तुकडे. अख्खा पत्रा मढवायची गरज नाही, मधला भाग पुरतो. हे साहित्य लावल्यावर पावसाचा आवाजही कमी होतो, तो बोनस.

पावसाळ्यात काही काळजी?

एमडीएफला पाणी चालत नाही, फुगून कडा उमलतात. दमट भागात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, पेटीला आतून-बाहेरून सीलर मारून मग कापड चढवा, किंवा सरळ मरीन प्लाय वापरा. ॲम्प स्टेपनीच्या खड्ड्यात ठेवू नका; डिकीचं रबर जुनं झालं की पाणी तिथेच साठतं. पेटीवरही ठोकू नका, हादऱ्याने आतले सांधे सैल होतात. मागच्या सीटच्या पाठीवर प्लाय लावून त्यावर ॲम्प, ही जागा मला पटली. सीट घडी होते हे लक्षात ठेवून वायरी सैल सोडायच्या.

पोलीस पकडतात का? विम्याचं काय?

गाडीत सब असणं गुन्हा नाही. इतरांना त्रास होईल असा वाजवणं आहे. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली आवाजाचं मानक मोडल्यास दंड १० हजारांपर्यंत जाऊ शकतो. सोसायटीच्या गेटमधून आत शिरताना मी आवाज शून्य करतो, ते कायद्यापेक्षा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंमुळे.

विमा मात्र लोक विसरतात. बाहेरून बसवलेला ॲम्प गाडीच्या विमा किमतीत धरलेला नसतो. पॉलिसीत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून वेगळी नोंद करावी लागते. हप्ता त्या वस्तूंच्या किमतीच्या साधारण ४ टक्के, अधिक कर. २५ हजारांच्या सामानाला हजार रुपये. बिलं जपून ठेवा, बिनबिलाचा माल असेल तर नोंदवणार काय?

स्वतः करू की दुकानातून?

सीटखालचा असेल तर स्वतः करा, एक रविवार लागेल. वेगळा ॲम्प असेल आणि मल्टिमीटर हातात धरायची सवय नसेल तर दुकानातून, पण शेजारी उभं राहून. सुरू करण्याआधी त्यांना तीनच प्रश्न विचारा: बॅटरीजवळ फ्यूज कुठे लावणार, वायर कुठल्या ग्रोमेटमधून आणणार, गेन कशाने सेट करणार. तिसऱ्यावर ‘कानाने’ असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळेल, ते घरी येऊन तुम्ही सुधारू शकता. पहिल्या दोनवर हसले तर निघा.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर काम १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरूनच होतं, पण नारंगी रंगाची कुठलीही केबल दिसली तर तिच्यापासून हात लांब. आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

गाडी विकताना हे सगळं काढता येतं का?

कपलर वापरला असेल तर तासाभरात. ॲम्प आणि पेटी काढून घ्यायची, बॅटरीकडचं टोक सोडवून त्यावर टेप आणि उष्णतेने आकसणारी नळी, बाकी वायर गालिच्याखाली राहू द्यायची. विकत घेणारे सबचे पैसे वाढवून देत नाहीत, उलट ‘पोराने वापरलेली गाडी’ म्हणून दहा हजार कमी सांगतात. माझा कंपनीचा जुना स्टिरिओ म्हणूनच माळ्यावर आहे, पिशवीत, त्याचे चारही स्क्रू टेपने वर चिकटवलेले.